पर्ड्यूचं फुटबॉल: बॅरी ओडमना चार वर्षं द्यावीत का?

वाबाशकाठचा

आपल्या पर्ड्यू विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉल: २०२४ मध्ये १-११, म्हणजे एक विजय, अकरा पराभव. २०२५ मध्ये, कोच ओडमच्या पहिल्या वर्षी, २-१०. बिग टेन या आपल्या लीगमध्ये या दोन वर्षांत मिळून अठरा सामने खेळलो आणि अठराच्या अठरा हरलो. वर जानेवारी २०२६ मध्ये आपल्याच राज्यातला जुना प्रतिस्पर्धी इंडियाना राष्ट्रीय विजेता झाला. ज्यांना आपण वर्षानुवर्षं 'जाऊ दे, बास्केटबॉलवाले आहेत' म्हणून सोडून द्यायचो, ते. त्यामुळे आता आपल्याकडचा जो तो म्हणतोय की त्यांनी दोन वर्षांत केलं, मग आपल्याला काय धाड भरलीये?

मला हे पटत नाही. ओडमना निदान चार सीझन द्यावेत आणि दर डिसेंबरला पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) अख्खी टीम उचलून आणायचा नाद सोडावा. इंडियानाकडे न बघता इलिनॉयकडे बघा. ब्रेट बिलेमा कोच म्हणून आले तेव्हा तिथे आपल्यासारखीच दैना होती. २०२१ मध्ये ५-७, मग ८-५, मग परत ५-७. तेव्हा त्यांना हाकललं असतं तर २०२४ चं १०-३ आणि सिट्रस बोल या सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यातला विजय दिसलाच नसता. आपण त्यांच्याकडे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओव्हरटाइममध्ये ५०-४९ हरलो होतो, आठवतं? एका गुणाच्या किकने बरोबरी सहज होत होती, पण जिंकायचंच म्हणून दोन गुणांसाठी गेलो आणि फसलो. त्या दिवशी दोन संघांत एका गुणाचं अंतर होतं. सीझनअखेर त्यांचे दहा विजय झाले, आपला एकच राहिला. त्यांचा पाया घालून झाला होता, आपला नव्हता.

चिंचवडी_बॉयलर

धागा चांगला, मुद्दा साफ अमान्य.

चार वर्षं म्हणताय? आपले जुने कोच डॅरेल हेझल यांना चौथ्या सीझनच्या मध्यापर्यंत ठेवलं होतं. हिशेब: ९ विजय, ३३ पराभव. पायाच घालत बसले होते बहुतेक. त्यांच्यानंतर ब्रॉम आले आणि पहिल्याच वर्षी ७-६ करून बोल गेम जिंकून दाखवला. कोचला अक्कल असली की ती पहिल्या वर्षी दिसते. सामने नाही जिंकले तरी चाललं, पण काहीतरी दिसायला हवं की नको?

आणि बिलेमांचं नाव घेताना अर्धीच गोष्ट सांगू नका. त्यांचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) ल्यूक ऑल्टमायर पोर्टलमधूनच आला होता, ओल मिसहून.

वाबाशकाठचा

आला पोर्टलमधून, पण थांबला किती? तीन सीझन. मी पोर्टलला शिव्या घालत नाहीये, येऊन-जाऊन राहणाऱ्या टीमला घालतोय. आपला रायन ब्राउन डिसेंबर २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाला गेला आणि चार महिन्यांत परत आला. त्याचं मी वाईट म्हणत नाही, वीस वर्षांचं पोरगं आहे, पण अशाने क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर (त्याचे चेंडू झेलणारे) यांचं जमणार कधी?

२०२५ मध्ये तुम्हाला काहीच दिसलं नाही म्हणता. हरलो, पण थोडक्यात हरलो: मिशिगनकडे त्यांच्या घरी जाऊन २१-१६. रटगर्सविरुद्ध शेवटच्या क्षणी २७-२४. मिनेसोटा २७-२०. आदल्या वर्षी आपण नोटर डेमकडून घरच्या मैदानावर ६६-७ खाल्ले होते आणि इंडियानाकडून ६६-०. फरक दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर तपासा.

चिंचवडी_बॉयलर

चष्मा ठीक आहे. त्याच चष्म्यातून नोव्हेंबर २०२५ चा इंडियाना ५६, पर्ड्यू ३ हा स्कोअरही दिसला. घरच्याच मैदानावर.

६६-७ ला मी रॉस-एडमध्ये, आपल्या स्टेडियममध्ये होतो. हाफटाइमला ४२-० होतं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा, अंगात आपला जुना क्वार्टरबॅक ड्रू ब्रीजची जुनी, गळा उसवलेली जर्सी. बँड मैदानात उतरला तसे उठले, उशी काखेत मारली, नातवाला म्हणाले चल, आणि निघाले. मागे वळून स्कोअरबोर्डकडेही बघितलं नाही. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. असे लोक एकदा घरी बसले की २०२८ ला तुमचा पाया दाखवायला कुणाला बोलावणार?

हूझरमावशी

शत्रुपक्षातून लिहितेय, चालेल ना? (ब्लूमिंग्टन, म्हणजे इंडियाना विद्यापीठाचं गाव, त्यामुळे सध्या अंगावर मूठभर मांस चढलंय.)

तुम्ही दोघंही आमच्या यशाचा चुकीचा अर्थ लावताय. आमचे कोच सिग्नेटी यांनी जेम्स मॅडिसन विद्यापीठाहून येताना तेरा खेळाडू सोबत आणले. त्यांच्यात स्टार म्हणावं असं कुणी नव्हतं. पण ते एकमेकांबरोबर खेळलेले होते आणि कोचला काय हवं ते त्यांना पाठ होतं. म्हणजे पोर्टलमधून नुसते खेळाडू आले नाहीत, सवयी आल्या. पुढच्या वर्षी क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलहून (कॅलिफोर्निया, बर्कली) आला तो चालत्या गाडीत बसला. त्याला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, मिळाली, पण गाडी आधीच सुरू होती.

आणि फुकट काही झालेलं नाही. २०२३ च्या ३-९ नंतर आधीचे कोच टॉम ॲलन यांना निरोप द्यायला दीड कोटी डॉलरच्या वर मोजले. देणगीदारांनी खिशात हात घातला. तुमच्याकडे घालतील का?

निव्वळ_बास्केट

घालतील, पण मॅकी अरेनासाठी, आपल्या बास्केटबॉलच्या मैदानासाठी.

मला एक कळत नाही, आपल्याला हे करायचंच कशाला? बास्केटबॉलचे कोच मॅट पेंटर २००५ पासून आहेत, २०२४ ला राष्ट्रीय फायनल खेळलो. आणि वाबाशकाठचा जे म्हणतोय, पोरं टिकवा, ते त्यांनी करून दाखवलंय. ब्रेडन स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन, तिघेही इंडियाना राज्यातले, तिघेही निदान चार वर्षं थांबले. आता फुटबॉलकडे बघा. डिलन थीनमन, त्याच वेस्टफील्डचा जिथला ब्रेडन. दोन मोठे भाऊ पर्ड्यूला खेळलेले. तो गेला ओरेगॉनला. मॅक्स क्लेअर ओहायो स्टेटला, विल हेल्ट क्लेमसनला. रोपं आपण वाढवायची आणि आंबे दुसऱ्यांनी खायचे.

चिंचवडी_बॉयलर

@निव्वळ_बास्केट, बास्केटबॉलमध्ये पाच जण खेळवायचे, सात-आठ सांभाळायचे. फुटबॉलला १०५ जणांचा रोस्टर आहे. पेंटरांची पद्धत इथे कशी लावणार? बाकी तुमच्या यादीने माझाच मुद्दा सिद्ध होतो. १-११ नंतर चांगली पोरं थांबत नाहीत. ती थांबावीत म्हणून आधी जिंकावं लागतं.

'करायचंच कशाला' याचं उत्तर सोपं आहे. बिग टेनचा टीव्हीचा पैसा, सात वर्षांचे सातशे कोटी डॉलरच्या वर, मुख्यतः फुटबॉलमुळे येतो. मॅकीतले दिवे त्याच पैशावर जळतात. अठरा संघांच्या लीगमध्ये कायम तळाला बसून तो वाटा आपल्याला जन्मभर मिळत राहील या भ्रमात राहू नका.

नवखा_लाफायेट

मी ऑगस्टमध्ये एमएसला आलोय, खेळातलं फार कळत नाही. पण पहिल्या मॅचच्या शनिवारी पहाटे सहाला माझा रूममेट केळ्याचा वेश करून बाहेर पडला, सोबत दोन नन आणि एक ट्रॅफिक कोन. मला वाटलं काहीतरी आंदोलन आहे. हरणाऱ्या टीमसाठी एवढ्या पहाटे उठतात?

दुसरं, खेळाडूंना आता पगार मिळतो म्हणतात, तर श्रीमंत कॉलेजच जिंकणार ना? मग ही चर्चा कशासाठी?

वाबाशकाठचा

त्याला ब्रेकफास्ट क्लब म्हणतात. टीमशी त्याचा संबंध अंमळ कमीच, बारशी जास्त. :)

पगाराचं थोडक्यात: जून २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केली, त्यानुसार कॉलेज पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना थेट वाटू शकतं. ही मर्यादा ओहायो स्टेटलाही तीच आणि आपल्यालाही तीच. फरक पडतो तो बाहेरून जाहिरातींच्या नावाने मिळणाऱ्या पैशात, आणि तिथे आपण कधीच पहिल्या पाचात येणार नाही. म्हणून तर म्हणतोय, ज्यांना पोर्टलमध्ये मोठी बोली लागणार नाही अशी पोरं हेरा आणि तीन वर्षं घडवा. लाइनमन (पुढच्या रांगेत धडका घेणारा) एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी तयार होतो. वेस्ट लाफायेटला फ्लोरिडाचे वेगवान रिसीव्हर थांबणार नाहीत, पण उत्तर इंडियानातले तीनशे पौंडी थांबतील. दोन सीझनमध्ये ओ-लाइन (हल्ल्याची ही पुढची रांग) नीट उभी राहिली तर ७-५ फार लांब नाही. मला राष्ट्रीय विजेतेपद नकोच आहे. पूर्वीसारखं अधूनमधून कुणा बड्याला लोळवायचं. २०१८ चं ओहायो स्टेट, ४९-२०. २०२१ ला तर दुसऱ्या क्रमांकाचं आयोवा आणि तिसऱ्या क्रमांकाचं मिशिगन स्टेट, दोन्ही.

हूझरमावशी

आणि तो तीनशे पौंडी तिसऱ्या वर्षी तयार झाला की त्याला आमच्याकडून फोन येईल. सॉरी हं, पण येईल.

वाबाशकाठचा

येईल की. म्हणून ते दोन कोटी आधी त्याच्यावर खर्च करा म्हणतोय, पोर्टलमधल्या अनोळखी रिसीव्हरवर नको. दहापैकी सहा जरी थांबले तरी इतकी वर्षं जमलं नाही ते जमेल.

चिंचवडी_बॉयलर

हे पटलं, पैसे आधी घरच्यांवर. चार वर्षं मात्र अजिबात नाही. २०२६ मध्ये बिग टेनचे तीन सामने जिंका, नाहीतर नवा माणूस शोधा. आणि त्यातला एक इंडियानाविरुद्धचा असेल तर बाकीचे दोन मी माफ करतो.

हूझरमावशी

आपल्या दोघांच्या सामन्याची ट्रॉफी, ती बकेट, सध्या आमच्याकडे आहे. पुसून ठेवलीये. घ्यायला या.