अनुभव धागा : स्किल लॅबमधून वॉर्डात येताना हात नेमका कुठे चुकतो?

स्किल लॅबमधल्या सरावाच्या पुतळ्यावर दहा वेळा जमलेलं काम पहिल्या खऱ्या पेशंटसमोर का अडतं, हा प्रश्न नर्सिंगच्या प्रत्येक नव्या बॅचला पडतो. पुतळा हात मागे ओढत नाही, त्याची कातडी सैल पडत नाही, आणि शीर शोधत असताना तो "सिस्टर, जरा पाणी द्या" असंही म्हणत नाही. शिकवणाऱ्यांनी, वॉर्ड सांभाळणाऱ्यांनी आणि सध्या पोस्टिंगला असलेल्यांनी इथे लिहावं. अट एकच: "आमच्या वेळी" नको. काय करायचं, किती, कोणत्या क्रमाने आणि कुठे बिघडतं, तेवढंच.

स्किल लॅबच्या शिक्षिका :

बीपीपासून सुरुवात करते, कारण ते येतंच असं सगळ्यांना वाटतं. कफच्या (दंडाला बांधून फुगवायच्या पट्ट्याच्या) आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के लांब आणि 40 टक्के रुंद हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा वाढतो, बारीक दंडाला मोठा बांधला की खोटा उतरतो. वॉर्डात एकच कफ सगळ्या खाटांवर फिरतो, त्यामुळे ही चूक चार्टवर रोज उतरते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेशंट 5 मिनिटं शांत बसलेला, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. हात लोंबता राहिला तर आकडा वर जातो, पेशंट बोलत राहिला तरी वर जातो. कफची खालची कडा कोपराच्या घडीच्या 2-3 सेंटीमीटर वर. आता जे सगळे गाळतात ते: आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी ज्या आकड्याला बोटांखालून जाते त्याच्या 30 वर न्यायचं, मग स्टेथोस्कोप ठेवून सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने उतरायचं. काही पेशंटमध्ये, विशेषतः जुन्या रक्तदाबाच्या, आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. नाडी न बघता अंदाजाने फुगवलं आणि आपण त्या शांत टप्प्यातच सुरुवात केली, तर 180 चा पेशंट 140 म्हणून नोंदवला जातो.

पहिला ठोका हुकला म्हणून अर्ध्यातून पुन्हा फुगवू नका. कफ पूर्ण रिकामा करा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा. आणि डायलवर रेघा 2-2 च्या आहेत, म्हणजे 124, 126 असेही आकडे यायला हवेत. सलग बारा पेशंटांचं बीपी 120/80 किंवा 130/80 लिहिलेलं दिसलं की ते मोजलेलं नाही हे इन्चार्जला लांबूनच कळतं.

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी :

श्वसनाचंही तेच. सगळ्यांना 18 लिहिलेलं असतं! नाडी मोजून झाली की मनगट तसंच धरून ठेवायचं आणि छातीकडे बघायचं. श्वास मोजतोय हे कळलं की माणूस श्वास बदलतो. पूर्ण 60 सेकंद मोजायचे. 15 सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाची चूक चारची होते. पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा श्वासाचा वेग आधी वाढतो, बीपी नंतर पडतं. म्हणून अंदाजाने भरायला हा रकाना सगळ्यात वाईट.

कॅज्युअल्टीतून :

आयव्ही कॅन्युलाबद्दल लिहितो, म्हणजे सलाईन-औषधांसाठी सुईवरून शिरेत सरकवून ठेवतात ती बारीक प्लास्टिकची नळी. विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त हौस तिचीच असते आणि सगळ्यात जास्त गडबडही तिथेच होते.

आधी माप. 18 हिरवी, 20 गुलाबी, 22 निळी, 24 पिवळी. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. रक्तस्राव, मोठी जखम असेल तर 18 किंवा त्याहून जाड, रोजच्या सलाईन-औषधांना 20 किंवा 22, नाजूक शिरा आणि लहान मुलांना 24.

ट्रेमध्ये: दोन कॅन्युला (एक नव्हे), टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून हाताला बांधायचा पट्टा), जंतुनाशक, गॉज, भरून ठेवलेली 5 मिली नॉर्मल सलाईनची सिरिंज, चिकटपट्टी आधीच कापलेली, हातमोजे. शार्प्स बॉक्स (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) हाताच्या अंतरावर. शिरेत सुई असताना चिकटपट्टी फाडायला तिसरा हात नसतो.

टूर्निकेट जागेच्या 7 ते 10 सेंटीमीटर वर, आणि बांधल्यावरही मनगटाची नाडी लागली पाहिजे. नाडी गेली म्हणजे धमनीही आवळली, मग शीर भरणार कुठून? शीर डोळ्यांनी नाही, बोटाने शोधायची. दाबली की उसळून वर येते ती चांगली. निळी दिसते पण दोरीसारखी कडक लागते ती सोडून द्या. कोपराची घडी टाळा. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) असलेला हात, स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेली बाजू, लकवा मारलेला हात, हे सगळं सुई उघडण्याआधी विचारून घ्या. जंतुनाशकाने 30 सेकंद घासायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. फुंकर मारून सुकवायचं नाही. साफ केल्यावर पुन्हा बोट लावून चाचपलं तर साफ करणं फुकट गेलं.

दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने शिरेच्या खालची कातडी ताणून धरा. वयस्क पेशंटची शीर पळते ती याच एका गोष्टीअभावी. पुतळ्याची कातडी ताणलेलीच असते, त्यामुळे लॅबमध्ये हा अंगठा कुणाला आठवत नाही. सुईच्या टोकाचा तिरका उतार वर, कोन 10 ते 30 अंश, वरवरच्या शिरेला त्यातलाही कमी.

आता खरी अडचण. मागच्या कप्प्यात रक्त दिसलं की विद्यार्थी आनंदात सुई मागे ओढतो आणि नळी पुढे सरकतच नाही. त्या क्षणी फक्त सुईचं टोक शिरेत असतं, नळीचं टोक एक-दोन मिलिमीटर मागे, शिरेच्या बाहेरच राहिलेलं असतं. म्हणून रक्त दिसल्यावर कोन कमी करायचा, सुई आणि नळी दोन्ही मिळून आणखी 2-3 मिलिमीटर पुढे, आणि मग सुई स्थिर धरून नळी सरकवायची. टूर्निकेट सोडायचं, नळीच्या टोकाच्या वर बोटाने दाबायचं, नंतर सुई काढायची. क्रम उलटला की गादीवर रक्त.

बाहेर काढलेली सुई त्याच नळीत पुन्हा कधीही घालू नका. सुईचं टोक प्लास्टिक कापतं आणि तो तुकडा शिरेतून पुढे जाऊ शकतो.

पहिल्या वर्षाचा विद्यार्थी :

रक्त आलं, नळीही गेली, पण सलाईन सोडल्यावर तिथली जागा फुगली. कशामुळे?

कॅज्युअल्टीतून :

बहुतेक वेळा सुई शिरेची मागची भिंत भेदून गेलेली असते. रक्त दिसल्यावर कोन तसाच ठेवून पुढे ढकललं की हेच होतं. आधी टूर्निकेट सोडा, मग नळी काढा, मग गॉजने दाबा. टूर्निकेट बांधलेलं असताना नळी काढली की निळी गाठ येते. दोन प्रयत्नांनंतर दुसऱ्या माणसाला बोलवायचं. तिसरा प्रयत्न पेशंटच्या हातावर करायचा नसतो.

मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर :

रायल्स ट्यूब, म्हणजे पातळ अन्न (फीड) देण्यासाठी नाकातून जठरापर्यंत घालतात ती नळी. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत माप घेऊन खूण करा. पेशंट उठून बसलेला. नळी घशात पोचेपर्यंत डोकं सरळ, पोचली की हनुवटी छातीकडे आणि गिळायला सांगायचं. गिळता येत असेल तर पाण्याचे छोटे घोट. ठसका, आवाज बसणं, ओठ निळे पडणं यातलं काहीही दिसलं तर लगेच बाहेर. नळी पुढे जात नसेल तर तोंडात बघा, बऱ्याचदा तिथेच वेटोळं झालेलं असतं. नंतर हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचा.

स्किल लॅबच्या शिक्षिका :

सिस्टर, शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. नळी फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत असली तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. आवाजावर विसंबून फीड सोडू नये. आतून द्रव ओढून त्याचा पीएच (आम्लता, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) कागदावर बघायचा. 5.5 किंवा त्याहून कमी असेल तर नळी जठरात आहे असं धरता येतं. द्रव आला नाही, किंवा पीएच जास्त आला (अ‍ॅसिड कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर येतो), तर एक्स-रे. बेशुद्ध पेशंटला ठसकाही येत नाही, तिथे तर हे सोडूच नका.

मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर :

मान्य. वॉर्डात पीएच कागद संपलेला असतो आणि जुनी सवय हात सोडत नाही, हेही खरं. पुढचं लिहिते: फीड देताना आणि नंतर निदान अर्धा तास डोकं 30 ते 45 अंश वर, फीडआधी आणि नंतर पाण्याने नळी धुणं, आणि प्रत्येक फीडआधी नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का ते बघणं.

सर्जिकल वॉर्डमधून :

फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी मूत्राशयात घालायची नळी. ती आत टिकावी म्हणून टोकाशी फुगा असतो. थोडक्यात, कारण निर्जंतुक पद्धत सगळ्यांना पाठ असते. घोटाळा फुग्याचा होतो. लघवी वाहायला लागल्याशिवाय फुगा फुगवायचा नाही. पुरुषांमध्ये लघवी दिसल्यावरही नळी बाहेरच्या टोकाच्या दुहेरी फाट्यापर्यंत आत घालायची, नंतर फुगा. अर्ध्यावर फुगवला की तो मूत्रमार्गातच फुगतो आणि मूत्रमार्ग फाटतो. फुगवताना पेशंटचा चेहरा बघा. दुखलं तर थांबा. फुग्यात निर्जंतुक पाणीच, जेवढे मिली नळीवर छापलेत तेवढंच. सलाईनचे कण बसून फुग्याची वाट बंद होऊ शकते, मग काढताना फुगा उतरत नाही. पुरुषांमध्ये मागे सारलेली पुढची त्वचा काम संपल्यावर पुन्हा पुढे आणायची. विसरलात तर तासाभरात सूज चढते. स्त्रियांमध्ये नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच खुणेसाठी राहू द्या, दुसरी नवी नळी वरच्या छिद्रात घाला. तीच काढून पुन्हा वापरायची नाही. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. स्ट्रेचरवर नेताना पेशंटच्या पोटावर ठेवलेली पिशवी दिसली की समजावं, आतली लघवी परत वर चालली.

लहान मुलांच्या वॉर्डातून :

इथे हातापेक्षा हिशेब चुकतो. 12 किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम म्हणजे 180 मिलिग्रॅम. बाटली 5 मिलीत 120 मिलिग्रॅमची असेल तर 7.5 मिली, 250 मिलिग्रॅमची असेल तर 3.6 मिली. औषध तेच, बाटली दुसरी, डोस दुपटीहून जास्त जातो. म्हणून "एक चमचा" असं कधीच बोलू नका, लिहूही नका.

दशांशाचं: "0.5" लिहा, ".5" नको, तो टिंब पुसट झाला की 5 होतात. "5.0" ही नको, त्याचे 50 होतात.

सलाईनच्या थेंबांसाठी: मिली गुणिले सेटचे (सलाईनच्या नळीचे) एका मिलीतले थेंब, भागिले मिनिटं. 500 मिली 4 तासांत, 20 थेंबांचा सेट: 10,000 भागिले 240, म्हणजे मिनिटाला साधारण 42. मायक्रो सेटला (60 थेंब) हिशेबच लागत नाही: तासाला जेवढे मिली, मिनिटाला तेवढेच थेंब. सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचा, सगळे सेट 20 चे नसतात.

संसर्ग नियंत्रणाचं काम बघणारी परिचारिका :

सुई टोचते ती टोपण परत घालताना आणि काम झाल्यावर ट्रे आवरताना. गॉजच्या ढिगाखाली राहिलेली सुई सगळ्यात धोक्याची. ज्याने वापरली त्यानेच ती तिथल्या तिथे बॉक्समध्ये टाकायची, आणि बॉक्स तीन-चतुर्थांश भरला की बंद.

टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. लगेच सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर शक्य तितक्या लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. रागावतील म्हणून संध्याकाळपर्यंत गप्प बसणं इथे महागात पडतं. हिपॅटायटिस बी लसीचे तिन्ही डोस (0, 1 आणि 6 महिने) आणि त्यानंतरची अँटिबॉडी तपासणी पोस्टिंगआधी संपवता आली तर उत्तम.

मेडिकल वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर :

डॉक्टरांना फोन करताना "पेशंट बरा वाटत नाही" एवढंच सांगितलं की समोरून प्रश्न येतात आणि विद्यार्थी गडबडतो. आधी कागदावर चार ओळी लिहा: कोण आणि काय झालं, आधीची पार्श्वभूमी, आत्ताचे आकडे, काय हवंय. उदाहरणार्थ: "खाट 7, पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. वजन 60 किलो, मागच्या दोन तासांत लघवी 25 मिली. नाडी 118, बीपी 94/60. तुम्ही येऊन बघावं." तासाला किलोमागे 0.5 मिली धरलं तर दोन तासांत 60 मिली हवी होती, हे फोन करणाऱ्यालाही माहीत हवं. तोंडी ऑर्डर मिळाली तर लिहून घेऊन परत वाचून दाखवा.

शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी :

लॉगबुकची सही त्याच दिवशी, त्याच शिफ्टमध्ये घ्या. महिनाअखेरीस कुणी कशावर सही केली हे कुणालाच आठवत नाही. "पाहिलं", "मदत केली" आणि "स्वतः केलं" हे रकाने वेगळे ठेवा, नाहीतर प्रॅक्टिकलला परीक्षक नेमकं तेच करायला सांगतात जे फक्त पाहिलेलं असतं. आणि सेकंद काटा असलेलं घड्याळ खिशाला लावा. मनगटावर बांधलेलं असलं की हात नीट धुतला जात नाही, आणि मोबाईलवर सेकंद मोजायला गेलं की तोच मोबाईल एका खाटेवरून दुसरीकडे फिरत राहतो.