बेली डान्स करणारे अरब पुरुष : काय पाहू, काय वाचू?

मीनल_शारजा
इथल्या एका मसरी (म्हणजे इजिप्तच्या) सहकाऱ्याच्या लग्नात त्याचे काका-मामा अंगात आल्यासारखे कंबर हलवून नाचत होते. शेजारचे गृहस्थ टाळ्या पिटता पिटता मला सांगत होते, पुरुषाने बेली डान्सचा धंदा करणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं! हे गणित काही सुटेना. अशा नर्तकांबद्दल वाचायचं-पाहायचं तर सुरुवात कुठून करू? अरबी येत नाही, इंग्रजी चालेल.

ठेका_धरा
टीटो सैफ. इजिप्तचाच. यूट्यूबवर ढिगाने सापडेल. चमचमती चोळी नाही, झालर नाही. घोळदार गलाबिया, म्हणजे पायघोळ अंगरखा, आणि कमरेला करकचून बांधलेला रुमाल. दरबुक्याचा (तिकडचं हाताने वाजवायचं तालवाद्य) सोलो सुरू झाला की बघा, खांदे जागच्या जागी आणि कंबर प्रत्येक थापेला वेगळं उत्तर देते. वर चेहऱ्यावर मिश्कील हसू.

जुनापुराणा
टीटो झकासच, पण आधी एडवर्ड लेनचं इजिप्तवरचं १८३६ चं पुस्तक चाळा. नर्तकींवरचं प्रकरण तेवढं पुरे, नेटवर फुकट आहे. कैरोतल्या 'खवल' म्हणजे नाचणाऱ्या पुरुषांचं वर्णन आहे त्यात: वेण्या, काजळ, मेंदी, पोशाख अर्धा बायकी, रस्त्याने जाताना अनेकदा तोंडावर पडदासुद्धा. गंमत म्हणजे त्यांना नाचायला बोलवायचे ते सोवळे लोक. बाईने चारचौघांत नाचणं वाईट, मग तोच नाच पुरुषाकडून करवून घ्यायचा! त्यात १८३४ मध्ये इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अलीने नर्तकींना कैरोतून दक्षिणेकडे हाकललं. तेव्हा हे अलीकडचं परदेशी खूळ आहे असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. आणि हो, 'खवल' ही आज तिकडे घाणेरडी शिवी आहे, ऑफिसात उच्चारू नका.

कुंपणावरचा
म्हणजे आपला तमाशातला नाच्याच की!

जुनापुराणा
अर्धाच. नाच्या बाईच्या सोबतीला असतो, हसवतो. हे तिच्या जागी उभे होते.

सुमेधा_क
मी अलेक्झांडर पॉलिकेविच सुचवेन. बैरूतचा, जन्म १९८२, पॅरिसला शिकून परतला. टीटो प्रेक्षकांना खूश करतो, हा अवघडवतो. लांब केस, उघडी छाती, आणि 'गंमत करतोय हो' असं म्हणून सुटका करून घेणं नाही. रस्त्याने चालताना बैरूतकर त्याच्यावर जे शेरे मारतात, त्यातूनच २०११ चा त्याचा 'तजवाल' हा नृत्यप्रयोग उभा राहिला. मीनल, लग्नातले तुमचे शेजारचे गृहस्थ खोटं बोलत नव्हते. लग्नातले काका घरचे म्हणून, हौसेने नाचतात. हा पैसे घेऊन, एकटा, लोकांनी टक लावून बघावं म्हणून नाचतो, आणि ती जागा बाईची ठरलेली. पुरुषाने आपण होऊन तिथे जावं, हेच झोंबतं.

त्याच्या जोडीला उलट टोक म्हणून इजिप्तच्या महमूद रेदाच्या नृत्यपथकाचा 'गराम फिल कर्नक' (१९६७) हा सिनेमा बघा. पथक १९५९ चं, पुढे सरकारी झालं. पुरुष उड्या मारतात, काठ्या फिरवतात, कंबर मात्र जपून! अगदी सरकारमान्य मर्दानी नाच. देखणा इतका की रागही येत नाही.

मीनल_शारजा
सगळ्यांचे आभार! आज रात्री कर्नक लावते. सबटायटल्स नसली तर अडेल का?

सुमेधा_क
छे. गोष्ट यथातथाच आहे, नाच येईपर्यंत खुशाल पुढे सरकवा.