मदत हवी आहे: बिटकॉइन घ्यायला कुठलं एक्स्चेंज बरं? (नाशिक, महिन्याला ३-४ हजार)

नमस्कार मंडळी,
कुठलं कॉइन वर जाणार हे विचारायला आलेलो नाही, ते ठरलंय, फक्त बिटकॉइन आणि तेही महिन्याला तीन-चार हजारांचं, बुडाले तर हळहळ वाटेल पण घर अडणार नाही इतपत. गाडी अडलीये ती एक्स्चेंजवर. अंबडला कंपनीत आहे, एसआयपी, पीपीएफ सगळं चालू आहे, त्यामुळे "आधी इमर्जन्सी फंड कर" हा सल्ला प्लीज नको. वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले आम्ही कागदाचा तुकडान् तुकडा मोजून द्यायचो, तुझं नाणं कोण मोजतं? आता त्यांना ब्लॉकचेन कोण समजावणार.

तर आतापर्यंत बघितलं ते असं. दोन-तीन भारतीय अ‍ॅप डाउनलोड केली, केवायसी अजून कुठेच केलं नाही. एकावर मोठ्या अक्षरात झिरो फी लिहिलंय, पण घ्यायचा भाव आणि त्याच क्षणाचा विकायचा भाव शेजारी ठेवून बघितले तर मधे चांगलीच फट आहे, म्हणजे फी नाही म्हणायचं आणि भावात कापायचं असंच ना हे? दुसऱ्यावर फी दिसते, त्यावर १८ टक्के जीएसटी पण दिसतो, पण भाव बाजाराच्या जवळ वाटतो. छोट्या रकमेला यातलं कुठलं परवडतं?

दुसरी भीती अर्थातच वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजची. जुलै २०२४ मध्ये तिथून साधारण २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, विथड्रॉवल बंद, मग प्रकरण सिंगापूरच्या कोर्टात आणि व्यवहार पुन्हा चालू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. बरोबर एका वर्षाने जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजवर पण हल्ला झाला, तिथे साधारण ४.४ कोटी डॉलर गेले पण ते कंपनीच्या स्वतःच्या खात्यातले, ग्राहकांना झळ नाही असं त्यांनी सांगितलं. मग आपण बघायचं तरी काय? एफआयूकडे (संशयास्पद पैशांच्या व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असली की सेफ समजायचं का?

आणि तिसरं, ऑफिसमधला एकजण मागे लागलाय की परदेशी एक्स्चेंजवर पीटूपीने, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला पैसे पाठवून त्याच्याकडून घे, भाव चांगला मिळतो, टीडीएस पण कापत नाहीत. मला ते ऐकूनच खटकतंय, पण नक्की काय खटकतंय ते सांगता येईना.

प्लीज रेफरल लिंक टाकू नका.

सातपूरचा_कटिंग:
भाऊ, तुझा पहिला प्रश्नच मागे-पुढे झालाय. फी नंतर बघ, आधी हे बघ की ते अ‍ॅप तुला बिटकॉइन तुझ्या स्वतःच्या वॉलेटवर (ज्याची किल्ली एक्स्चेंजकडे नाही, तुझ्याकडेच असते) काढू देतं का. आपल्याकडे कितीतरी अ‍ॅपवर रुपये टाकता येतात, रुपये काढता येतात, पण कॉइन बाहेर काढायचं बटणच नसतं नाहीतर मोजक्याच कॉइनला असतं. तिथे तुझ्याकडे फक्त स्क्रीनवरचा आकडा असतो, उद्या त्यांनी शटर ओढलं की तू पण रांगेत. २०२२ मध्ये एफटीएक्स हे मोठं परदेशी एक्स्चेंज बुडालं तेव्हा लोकांचं हेच झालं.

एफआयू नोंदणी पाहिजेच, मार्च २०२३ पासून ही मंडळी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलीयेत, जी नोंदणी न करता चालवत होती त्यातल्या नऊ परदेशी एक्स्चेंजना डिसेंबर २०२३ मध्ये नोटिसा गेल्या आणि नंतर साइट पण ब्लॉक झाल्या. बायनान्स त्यातलंच, नंतर नोंदणी करून आणि दंड भरून परत आलं. पण नोंदणी म्हणजे गॅरंटी नव्हे हां. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो तसं इथे काहीच नाही.

भावातल्या फटीचं तू बरोबर पकडलंस. शंभरला घेतलं आणि लगेच विकायचा भाव ९७ असेल तर ते तीन रुपये फीच आहेत, नाव वेगळं. जिथे ऑर्डर बुक (कोण कुठल्या भावाने घ्यायला-विकायला तयार आहे ती यादी) दिसतं आणि लिमिट ऑर्डर, म्हणजे आपला भाव ठरवून ऑर्डर लावता येते तिथे घे. फक्त एक बघ, जोडी रुपयातली पाहिजे, म्हणजे रुपये देऊन थेट बिटकॉइन. कधी कधी आधी यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) घ्यायला लावतात आणि मग त्यातून बिटकॉइन, म्हणजे कायद्याने तू यूएसडीटी विकलंस, झाला टीडीएसचा आणि टॅक्सचा अजून एक व्यवहार.

पिंपळगावकर:
पीटूपीच्या नादी लागू नका दादा. माझ्या चुलतभावाने यूएसडीटी विकले, समोरच्याने यूपीआयने पैसे टाकले, सगळं छान. महिन्याभराने बँकेने खातं फ्रीज केलं, का तर ते पैसे दुसऱ्याच राज्यात कोणाला तरी फसवून आलेले, तिथल्या सायबर पोलिसांचं पत्र. आणि त्याच खात्यात द्राक्षाच्या व्यापाऱ्याचे पैसे आलेले! ऐन सीझनला मजुरांना द्यायला रोख नाही, हा इथल्या सायबर पोलीस स्टेशनला गेला तर ते म्हणाले तक्रार तिकडची आहे, तिकडेच बोला. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, चॅट सगळं देऊन कसंबसं सुटलं. दोन रुपये भाव जास्त मिळाला होता म्हणे.

तुमच्या मित्राला सांगा, समोरच्याने टीडीएस कापला नाही म्हणून टॅक्स सुटत नसतो. आणि जे काय करायचं ते पगाराच्या खात्यातून नका करू, वेगळं खातं ठेवा.

नाशिकरोड_लोकल:
टॅक्सचं मी सांगते, कारण हे लोक उगाच एका वाक्यात उडवतात. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस, एप्रिल २०२२ पासून. तुमचा स्लॅब कुठलाही असो. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. आणि तोटा कशातच वळता होत नाही: एका कॉइनमध्ये २० हजार मिळाले, दुसऱ्यात २० हजार गेले, तुमच्या हिशोबाने शून्य, सरकारच्या हिशोबाने ६,२४० रुपये भरा. म्हणून तुम्ही एकच कॉइन धरून बसणार हे बरंच आहे.

टीडीएस १ टक्का, तो विकताना कापतात, ५० हजारांचं विकलं की ५०० रुपये. ते २६एएसमध्ये (आपल्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा) दिसतात आणि रिटर्नमध्ये जमा धरतात, बुडत नाहीत. एक्स्चेंज निवडताना टॅक्स रिपोर्ट नीट डाउनलोड होतो का तेवढं बघा, तारीखवार खरेदी-विक्री पाहिजे. स्वतःच्या वॉलेटवर हलवलं तर ती विक्री नव्हे, पण नोंद ठेवा, चार वर्षांनी खरेदीची किंमत आठवणार नाही.

सातपूरचा_कटिंग:
अजून एक राहिलं. विथड्रॉवलची फी बहुतेक ठिकाणी ठरलेली असते, दर महिन्याला तीन हजारांचं काढत बसलास तर फीच खाऊन टाकेल, साठवून एकदम काढ. पण पहिल्यांदा छोटी रक्कम पाठवून बघच, पोचली की मग बाकीची. वॉलेटचा पत्ता कॉपी-पेस्ट कर आणि सुरुवातीची नि शेवटची अक्षरं डोळ्यांनी ताड. वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द (ज्यांच्यावरून वॉलेट परत उघडता येतं) कागदावर, फोटो नाही, स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप तर अजिबात नाही.

धागाकर्ता:
खूप खूप आभार सगळ्यांचे. पीटूपी कटाप. तीनपैकी एका अ‍ॅपच्या हेल्प पेजवर बिटकॉइन बाहेर काढता येत नाही असं बारीक अक्षरात सापडलं, तेच झिरो फीवालं, ते उडवलं. उरलेल्या दोनपैकी जिथे रुपयाची जोडी आणि ऑर्डर बुक आहे तिथे केवायसी टाकतोय, आधी थोडेच भरणार आणि कॉइन बाहेर काढून बघणार.

ताई, अजून एक विचारतो, मी आजवर आयटीआर-१ भरत आलोय, विक्री केली त्या वर्षी आयटीआर-२ लागेल ना? आणि नाशिकरोड-उपनगर भागात हा व्हीडीएचा (क्रिप्टोसारख्या डिजिटल मालमत्तेचा) तक्ता नीट भरून देणारा सीए माहीत असेल तर व्यनि करा, आमचे नेहमीचे काका म्हणतात "ते शेअरमध्येच दाखवू".