देगाची पेन्सिल-रेखाटनं कशी बघावीत? मदत हवी आहे

मंडळी, सध्या एदगार देगा या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या रेखाटनांनी झपाटलेय. इम्प्रेशनिस्टांच्या (क्षणाचा प्रकाश आणि रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या गटाच्या) आठपैकी सात प्रदर्शनांत चित्रं मांडूनही त्याला ते बिरुद आवडत नसे, आणि ही रेखाटनं बघताना ते पटतं. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयातली १८७३ची नर्तिका घ्या: वाकून बूट सारखा करतेय. विटलेला गुलाबी कागद, पेन्सिल, पांढऱ्या खडूचा हलका हात, वर कॅनव्हासवर उतरवण्यासाठी आखलेल्या चौकटी. इतर कागदांवर तर एकच पाय दोन-तीनदा काढलाय, आधीची रेघ तशीच ठेवून. मला त्या जादा रेघांतच सगळा जीव दिसतो.

जे.जे.त शिकलेलं कुणी आहे का इथे? अशा चित्रात नजर आधी कुठे न्यावी, शरीराचा तोल पेललेल्या पावलाकडे की पाठीच्या रेषेकडे? रेघेचा दाब कसा वाचायचा? कृपया सविस्तर सांगा.