चिपचं प्रोजेक्ट चार कॉलेजांनी नेटवर मिळून करावं का?

टिळकवाडीचे सर:
मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. फायनल इयरचं प्रोजेक्ट दरवर्षी तेच: बोर्ड विकत आणायचा, सेन्सर जोडायचा, रिपोर्टाचं बाइंडिंग करायचं. यात पोरं चिप वापरायला शिकतात, घडवायला नाही. माझं म्हणणं, बेळगाव, निपाणी, कोल्हापूरकडच्या चार कॉलेजांनी एकच चिप वाटून घेऊन नेटवर डिझाइन करावी. 1979 साली अमेरिकेत चिप-डिझाइनच्या संशोधक लिन कॉनवे यांनी 12 विद्यापीठांतली 82 डिझाइन्स अर्पानेटवरून (इंटरनेटच्या आधीचं नेटवर्क) गोळा केली, एकाच खेपेत छापून, म्हणजे सिलिकॉनवर बनवून घेतली आणि महिन्याभरात चिप्स परत पाठवल्या. 2020 मध्ये गूगल आणि चिप बनवणाऱ्या स्कायवॉटर कंपनीनं 130 नॅनोमीटरच्या चिपवर काय कसं आखायचं याचे नियम सगळ्यांना खुले केले. त्याआधी फाउंड्रीशी (चिप बनवणाऱ्या कारखान्याशी) गुप्ततेचा करार केल्याशिवाय असले नियम सहसा बघायलाही मिळत नसत. मग आता अडतंय कुठं?

उद्यमबाग, 26 वर्षं कास्टिंग:
सर, अडतंय जोडावर. आमचीही फाउंड्रीच, लोखंडाची. एकदा पॅटर्न (साच्याचा नमुना) एका शॉपमधून केला, कोअरबॉक्स (आतल्या पोकळीसाठीचा गाभा, म्हणजे कोअर, बनवायची पेटी) दुसऱ्याकडून. दोघांकडं ड्रॉइंग तेच. पण कोअर बसवताना प्रिंटला, म्हणजे कोअर टेकतो त्या खाचेला, दीड मिलिमीटरचा फरक निघाला. कोअर सरकला, एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ. अख्खी हीट (एका वेळी वितळवून ओतलेला माल) भंगारात. आम्ही ती परत वितळवली तरी. चिप वितळवून परत ओतता येत नाही. एका कॉलेजनं एका छताखाली लहानसं काम करावं. शेजारच्या बाकावर जाऊन बघता येतं की.

निपाणी:
काकांशी सहमत, आणि माझी हरकत पुढची आहे. छापून कोण देणार? 2025 च्या मार्चमध्ये अशी डिझाइन्स गोळा करून छापून देणारी एफॅबलेस कंपनी बंद पडली, तिच्यामार्फत पाठवलेली डिझाइन्स अडकली. पोरांचं वर्ष मे-जूनमध्ये संपतं. त्यापेक्षा एफपीजीएवर (पुन्हा पुन्हा डिझाइन भरता येणारी तयार चिप) करा. चूक झाली तर त्याच संध्याकाळी परत लोड करता येतं.

टिळकवाडीचे सर:
एफपीजीए हवाच, पण तिथंच थांबलं की लेआउट, म्हणजे चिपवरची प्रत्यक्ष आखणी, राहतो. दोन तारांत किती अंतर ठेवायचं, क्लॉक (सगळ्या भागांना ताल देणारा सिग्नल) सगळीकडे एकाच वेळी कसा पोचवायचा, हे पोरांच्या हातून होतच नाही. आणि छपाईचा रस्ता एकच नाही. मोहालीच्या सरकारी लॅबमध्ये 180 नॅनोमीटरवर विद्यार्थ्यांच्या चिप्स झाल्यात.

खानापूरची, सेव्हंथ सेम:
सर, काका, मी असं प्रोजेक्ट केलंय. दोन कॉलेजं, पाच जण. आमचा ब्लॉक वेगळा तपासला तर पास, त्यांचा वेगळा तपासला तर पास. जोडले आणि काउंटर हलेचना. वेव्हफॉर्ममध्ये (सिग्नलच्या आलेखात) आमची रेघ आधी लाल, म्हणजे किंमतच ठरलेली नाही, मग सरळ शून्य. दोन रात्री गेल्या. आमचा ब्लॉक रीसेट (पहिल्यापासून सुरू कर असा सिग्नल) शून्यावर घ्यायचा, त्यांचा एकावर, आणि टेस्टबेंच (तपासणीचा प्रोग्राम) त्यांनी लिहिलेला. घरी रेंज नाही म्हणून मी गच्चीवर बसून कॉलवर होते. त्यांच्यातली एक कन्नडमधून सांगत होती, मी मराठीतून, आणि 'रीसेट उलटा आहे' हे दोघींना एकदमच कळलं.

म्हणजे जोडाचं काकांचं खरं. पण तो दोष कॉम्प्युटरवरच सापडला, काही भंगारात गेलं नाही, म्हणून नेटवर मिळून करता येतं हे सरांचं खरं.

माझी तक्रार वेगळीच आहे. शेवटी त्यांच्या रिपोर्टात आमची नावंच नव्हती. आमच्याकडं परीक्षकांनी विचारलं, 'यातलं तुमचं किती?' दाखवायला काही नव्हतं, कारण फाइल्स आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत होतो. गिटवर (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सिस्टीम) असतं तर कुठली ओळ कुणाची, कधीची, सगळं राहिलं असतं. नावांचं आधी ठरणार नसेल तर मी माझ्या ज्युनियरना यात पडा म्हणणार नाही.

उद्यमबाग, 26 वर्षं कास्टिंग:
पोरी, तुझं बरोबर आहे. आमच्याकडंही प्रत्येक पीसवर हीट नंबर ओततात. नंबर नसलेला माल गिऱ्हाईक घेत नाही.

टिळकवाडीचे सर:
रीसेट, क्लॉक, सिग्नलची नावं आधी लिहून चौघांनी सही करायची, आणि पहिल्या दिवसापासून गिट, हे मान्य. नावांचं आणि मार्कांचं मात्र एकटा मी ठरवू शकत नाही. चारही गाइडना एकत्र बसवावं लागेल, आणि तेच सगळ्यात अवघड आहे.