मदत हवी आहे : उपकेंद्रात मुलांचे सांधे आणि स्नायू कसे तपासावेत?

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यातील एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ‘पाय दुखतात’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांपैकी कोणाला तातडीने पुढे पाठवावे, याबाबत अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

शाळकरी मुलांच्या सांधे-स्नायूंची पी-गॅल्स ही झटपट प्राथमिक तपासणी मी शिकले आहे. तिच्यात दुखणे, कपडे घालणे आणि जिना चढणे यांविषयी तीन प्रश्न विचारून मग चाल, हात, पाय व पाठीचा कणा पाहतात. आमच्या गावांत जिना क्वचितच असतो, म्हणून मूल जमिनीवरून आधाराशिवाय उठते का, हे मी पाहते. मांड्यांवर हात रोवत उठणे हे स्नायूंच्या दुर्बलतेचे लक्षण असू शकते. हा बदल योग्य आहे का?

खरी अडचण सिकलसेलची, म्हणजे हाडे-सांधे दुखवणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची आहे. नुकत्याच आलेल्या सात वर्षांच्या मुलीचा गुडघा सुजलेला होता आणि रोज सकाळी आखडत होता, पण घरच्यांनी तो सिकलसेलचाच त्रास समजून दोन महिने काढले; मला त्या लेकराकडे पाहून फार वाईट वाटले. ताप असेल आणि पाय टेकवत नसेल, तर मी त्याच दिवशी रुग्णालयात पाठवते. परंतु ताप नसताना सिकलसेलची वेदना आणि बालसंधिवात यांत फरक करण्यासाठी आपण कोणत्या खुणा पाहता?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदाच येते. मधल्या काळासाठी आशाताईंना कोणते प्रश्न शिकवावेत, आणि गोंडी बोलणाऱ्या आईला ‘सांधा आखडतो का’ हे नेमके कसे विचारावे?