बीटी वांग्यावरची स्थगिती उठवावी का?

परळकर:
दादरच्या मंडईत वांगं निवडताना आपण आधी छिद्र बघतो. पण अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी आधीपासूनच फवारत राहतो, अगदी तोडणीच्या तोंडावरही. बीटी वांग्यात बीटी नावाच्या जिवाणूचं जनुक घातलेलं असतं, त्यामुळे अळीला मारणारं प्रथिन झाडच तयार करतं. ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसीने, म्हणजे जनुकीय पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीने, लागवडीला मान्यता दिली, फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती आणली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून ते पिकतंय. फवारलेलं विष चालतं, मग जनुकाचंच भय का? स्थगिती उठवा.

मेधा_गोरेगाव:
मला नाही पटत. वांगं आपल्याच मातीतलं पीक. जळगावचं भरिताचं वांगं, काटेरी वांगी... शेजारच्या शेतातून पराग आला तर हे वाण जपणार कोण? आणि कुठलं वांगं बीटीचं, हे मंडईतल्या टोपलीवर कोण लिहिणार?

परळकर:
टोपलीचं मान्य. पण देशातला बहुतेक कापूस बीटी आहे, त्याच सरकीचं तेल आपण खातो आणि पेंड म्हशींना घालतो. २००२ पासून चाललंय हे.

वऱ्हाडी_मुलुंड:
कापसाचा विषय निघालाच आहे, तर पूर्ण बोलू. आमची शेती यवतमाळ जिल्ह्यात. सुरुवातीला हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या, ते श्रेय बीटीचंच. पण २०१७ ला गुलाबी बोंडअळीने धुतलं. बोंड बाहेरून धडधाकट, फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि रुई डागाळून कवडी, म्हणजे खराब कापूस, झालेली. अळी मारणाऱ्या दोन जनुकांचं बियाणं असूनही! ही अळी जवळपास कापसावरच जगते. तिच्यात प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून कडेने नॉन-बीटीच्या, म्हणजे साध्या कापसाच्या, ओळी लावायच्या असत; तिथे जगलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. पाकिटासोबत ती पुडी यायची, पण पेरायचं कोण? चार पैसे सुटतात म्हणून फरदडही (हंगाम संपल्यावरही उभं ठेवलेलं कापसाचं पीक) ठेवली जायची. अळीला वर्षभर घर मिळालं. त्याच हंगामात यवतमाळमध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले.

परळकर:
हा दोष वापराचा. अमेरिकेने बीटी कापूस आणि वंध्य (प्रजनन न करू शकणारे) पतंग सोडून २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं.

वऱ्हाडी_मुलुंड:
तिथे शेतं मोठी, आणि हंगाम संपला की पऱ्हाट्या (कापसाची उभी झाडं) मोडाव्याच लागतात. आमच्याकडे दोन एकरवाल्याने पाच ओळी अळीला सोडायच्या, तर त्याची भरपाई कोण देणार? वांग्याला तर हंगामच नाही, बारा महिने कुठे ना कुठे उभं असतं. माझा विरोध बियाण्याला नाही. वांग्याचं नॉन-बीटी बी पाकिटातच मिसळून द्या, अळीत प्रतिकारशक्ती येतेय का याची दरवर्षी तालुकावार तपासणी करा, निकाल गावात लावा.

मेधा_गोरेगाव:
आणि एवढं होईपर्यंत स्थगिती राहू दे.

परळकर:
तोवर त्याच वांग्यांवर फवारे चालूच राहणार, मेधाताई. त्याचं काय?